120 पीएसची गाडी डायनोवर आधी 101 आणि तासाभरात 95 एचपी का दाखवते?

डायनो, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं मशीन, खोटं नाही आणि तुमची गाडीही बिघडलेली नाही. कंपनीचे 120 पीएस क्रँकवरचे (थेट इंजिनच्या शाफ्टवरचे) असतात, डायनो मोजतो ते चाकावरचे. मधल्या मध्ये गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर आपापला वाटा खातात. शिवाय 1 पीएस म्हणजे 0.986 एचपीच. त्यामुळे 101 हा आकडा चांगलाच आहे.

खरी मेख 95 मध्ये आहे. मी चिंचवडला एका गॅरेजात डायनो चालवतो. एप्रिलमध्ये भर दुपारी तुमच्यासारखीच एक टर्बो पेट्रोल गाडी पट्ट्यांनी आवळून रोलरवर घेतली होती. पहिल्या रनला (मोजणीच्या फेरीला) स्कॅनरवर इनटेकची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा 41 अंश होती, लागोपाठच्या तिसऱ्या रनला 63. समोर मोठा पंखा लावलेला, पण रस्त्यावरच्या वाऱ्याची सर त्याला येत नाही. हवा तापली की विरळ होते, आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. 6 एचपी तिथेच गेले. बॉनेट उघडं टाकून 25 मिनिटं थांबलो, तर त्यातले 4 परत आले.

टायरमधली हवा, पट्ट्यांचा ताण, कुठल्या गिअरमध्ये रन घेतला, यानेही एक-दोन एचपी इकडेतिकडे होतात.

आता प्रिंटआउटवर करेक्शन (हवेप्रमाणे आकडा दुरुस्त करायचं प्रमाण) कुठलं लिहिलंय ते बघा. पुणे 560 मीटर उंचीवर, म्हणून इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 6 टक्के कमी. सॉफ्टवेअर ही तूट भरून काढतं. त्यासाठी ‘एसएई’ हे प्रमाण 25 अंश आणि 990 मिलिबारची हवा धरतं, ‘एसटीडी’ 15.5 अंश आणि 1013. त्यामुळे तोच रन एसटीडीमध्ये जवळपास 4 टक्के जास्त दिसतो! त्यात टर्बो गाडीचा ईसीयू बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) सांभाळून बरीचशी तूट स्वतःच भरतो, म्हणजे करेक्शनने आकडा आणखी फुगतो.

हे एवढ्या तळमळीने लिहितोय कारण रिमॅपच्या (ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलण्याच्या) आधीचा रन तापलेल्या गाडीवर आणि नंतरचा थंड गाडीवर घेतला, तर काहीही न करता 5-6 एचपी ‘वाढतात’ आणि माणूस त्याचे पैसे मोजतो. रिमॅप करणार असाल तर दोन्ही रन एकाच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, इनटेकचं तापमान सारखं असताना घ्यायला लावा आणि करेक्शनशिवायचा ग्राफ मागून घ्या.

तुमच्या दोन्ही रनची इनटेकची तापमानं मिळाली तर इथेच लिहा, बघून सांगतो.