फिफाचे निर्णय नेमके कुठे होतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. फिफाच्या 211 सदस्य संघटनांना महासभेत प्रत्येकी एक मत असताना मोजकी मंडळीच निर्णय घेतात असे का म्हटले जाते, आणि ऑगस्ट 2022 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे निलंबन महासभा न भरताच कसे झाले? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

सदस्य संघटनेला निलंबित करण्याचा मूळ अधिकार महासभेचा, म्हणजे सर्व सदस्य संघटनांच्या सभेचा, असून त्यासाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते. परंतु गंभीर नियमभंग झाल्यास पुढील महासभेपर्यंत तत्काळ निलंबन करण्याची मुभा फिफाच्या नियमावलीनेच फिफा कौन्सिलला, म्हणजे तिच्या निर्णय घेणाऱ्या मंडळाला, दिली आहे, आणि कौन्सिलच्या दोन बैठकांमधल्या काळात तातडीचे विषय ब्युरोकडे जातात. ब्युरो म्हणजे फिफाचे अध्यक्ष आणि सहा खंडीय महासंघांचे अध्यक्ष, अशा केवळ सात व्यक्ती. भारताचे निलंबन या ब्युरोने केले. भारतीय महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांचा कार्यकाळ डिसेंबर 2020 मध्येच संपूनही निवडणूक झाली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये त्रिसदस्यीय प्रशासक समिती नेमली, आणि फिफाने त्याला त्रयस्थांचा अनुचित हस्तक्षेप ठरवले. गोकुळम केरळचा महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता, त्याला खेळता आले नाही. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे ठरलेला 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही धोक्यात आला. न्यायालयाने 22 ऑगस्टला समिती बरखास्त केली, महिना संपण्याआधीच बंदी उठली आणि विश्वचषकाचा अंतिम सामना 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत झाला. फिफाने कायद्याबाहेर काही केले असे मला वाटत नाही; मात्र ज्या खेळाडूंचा या वादाशी काहीही संबंध नव्हता त्यांनाच सर्वांत आधी किंमत मोजावी लागते, हा या नियमातला गंभीर दोष आहे आणि तो आपण वारंवार बोलून दाखवला पाहिजे.

ब्युरोची गरजच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर रशियाने देशाचे नाव आणि ध्वज न वापरता तटस्थ ठिकाणी खेळावे असे ब्युरोने आधी ठरवले. पोलंड, स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक यांनी त्यांच्याशी खेळण्यास ठाम नकार दिल्यावर दुसऱ्याच दिवशी, 28 फेब्रुवारीला, रशियाचे सर्व संघ स्पर्धांबाहेर ठेवण्यात आले. इतक्या वेगाने 211 संघटनांची सभा भरणे शक्य नव्हते. तेव्हा बंदी संघांवर आली, रशियन संघटनेचे सदस्यत्व आणि मत कायम राहिले, हा फरक भारताच्या प्रकरणाशी ताडून पाहण्यासारखा आहे.

आता मुख्य मुद्दा. फिफा कौन्सिलमध्ये 37 सदस्य असतात. अध्यक्षांची निवड महासभा करते, उरलेले 36 जण खंडीय महासंघांकडून येतात. पुरुषांचा विश्वचषक 48 संघांचा करण्याचा निर्णय 10 जानेवारी 2017 रोजी कौन्सिलनेच घेतला आणि मार्च 2023 मध्ये चार संघांचे बारा गट करून सामन्यांची संख्या 104 वर नेणारीही कौन्सिलच होती. खेळाचे नियम तेवढे या रचनेबाहेर ठरतात: ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन मंडळात फिफाची चार आणि ब्रिटनमधील चार संघटनांची प्रत्येकी एक अशी आठ मते असून बदलासाठी सहा लागतात.

यजमानपदाचा इतिहास पाहिल्यास सत्ता कुठे आहे ते स्पष्ट दिसते. डिसेंबर 2010 मध्ये कौन्सिलच्या आधी असलेल्या कार्यकारी समितीतील 22 जणांनी गुप्त मतदानाने 2018 साठी रशिया आणि 2022 साठी कतार निवडले. त्या मतदानाभोवती भ्रष्टाचाराचे इतके आरोप झाले की पुढे हा अधिकार महासभेकडे सोपवण्यात आला. जून 2018 मध्ये मॉस्कोत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या संयुक्त प्रस्तावाला 134, मोरोक्कोला 65 मते पडली, आणि कोणी कोणाला मत दिले हेही जाहीर झाले. ती खरी सुधारणा होती.

त्यानंतर 4 ऑक्टोबर 2023 रोजी कौन्सिलने 2030 ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल यांच्याकडे आणि शताब्दीनिमित्तचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वे यांच्याकडे देण्याची एकच योजना पुढे नेली. अलीकडे यजमान ठरलेल्या खंडाला लगेच पुन्हा संधी मिळत नाही, त्यामुळे आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका हे तिन्ही खंड एका फटक्यात पुढच्या शर्यतीतून बाद झाले, उत्तर अमेरिकेचा 2026 चा विश्वचषक तर ठरलेलाच होता, म्हणून 2034 साठी फक्त आशिया आणि ओशनिया उरले. इच्छा कळवण्यासाठी 31 ऑक्टोबरपर्यंतच मुदत मिळाली, ऑस्ट्रेलियाने माघार घेतली आणि एकटा सौदी अरेबिया राहिला. 11 डिसेंबर 2024 च्या ऑनलाइन महासभेत दोन्ही यजमानपदे एकत्रित मांडून टाळ्यांनी संमत करण्यात आली. नॉर्वेने या पद्धतीला विरोध नोंदवला. महासभेचा अधिकार कागदावर तसाच होता, पण तिच्यासमोर पर्याय किती ठेवायचे हे चौदा महिने आधीच ठरून गेले होते.

इतर सदस्य गप्प का राहतात? मोन्सेरातसारख्या काही हजार लोकवस्तीच्या बेटाचे आणि जर्मनीचे मत सारखेच आहे, आणि 2023 ते 2026 या काळात प्रत्येक संघटनेला फिफाच्या विकासनिधीतून 80 लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. लहान संघटनांचा गाडा या निधीवर चालतो, त्यामुळे निधी वाटणाऱ्या नेतृत्वाला विरोध करणे त्यांना परवडत नाही. ही समानता रद्द करावी असे मी म्हणणार नाही, कारण मोठ्या देशांच्या हाती सगळे सोपवल्यास भारतासारख्यांचेच नुकसान होईल. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो 2019 आणि 2023 मध्ये प्रतिस्पर्ध्याविना निवडून आले, त्यामागेही हेच गणित आहे.

भारतीय मताला वजन कुठे आहे, असा पुढचा प्रश्न स्वाभाविकपणे येईल. माझ्या मते ते फिफाच्या झुरिचपेक्षा आशियाई महासंघाच्या क्वालालंपूरमध्ये अधिक आहे, कारण कौन्सिलमधील आशियाचे सात सदस्य आशियाई महासंघाच्या सभेत निवडले जातात आणि तिथे मतदार पन्नासहूनही कमी आहेत. प्रफुल्ल पटेल 2019 मध्ये याच वाटेने कौन्सिलवर पोहोचले होते. आपला महासंघ तिथे कोणाला मत देतो आणि का, हे तो जाहीरपणे सांगत नाही. ती मागणी राज्य संघटनांच्या पातळीवरून करता येण्यासारखी आहे.