बंदरातल्या जुन्या खुनांचा अभ्यास: सुरुवात कुठून कराल?

आधी एकच प्रकरण धरा. दहा खुनांची यादी करून बसलात तर एकही धड कळणार नाही. लंडनच्या गोदीजवळचं रॅटक्लिफ हायवेचं प्रकरण नवख्यासाठी उत्तम आहे. ७ डिसेंबर १८११ च्या रात्री कापडविक्रेता टिमोथी मार, त्याची बायको, तान्हं बाळ आणि दुकानातला पोरगा यांचा खून झाला. बाराच दिवसांनी जवळच्या गुत्त्यात आणखी तिघांचा.

मग हे करा:

१. तारखांचा तक्ता बनवा. कोण कधी किनाऱ्यावर होतं आणि कोण समुद्रावर, हे बंदरात सगळ्यात महत्त्वाचं. मारच्या घरात सापडलेल्या जड हातोड्यावर खलाशी जॉन पीटरसनची आद्याक्षरं होती, पण तो तेव्हा सफरीवर होता! त्याची हत्यारं एका खलाशी-खानावळीत ठेवलेली होती. संशयित जॉन विल्यम्स तिथेच राहायचा, आणि इतरही खलाशी.

२. संशयिताला खुनी लिहू नका. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. विल्यम्स खटल्याआधीच कोठडीत फासाला लटकलेला सापडला. पुरावा कोर्टात तपासलाच गेला नाही.

३. आजचे पोलीस तिथे शोधू नका. लंडनचं महानगर पोलीस दल १८२९ चं.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाचे १६७४ ते १९१३ चे खटले नेटवर फुकट आहेत, ते नंतर वाचा. न्यायवैद्यकाच्या वादात तर आत्ता शिरूच नका. तक्ता झाला की इथे टाका, मी आवडीने बघेन.