आधी उतार, मग घर्षण

बडोद्यात बसून हिमस्खलनाचं संगणकी मॉडेल कसं जमणार, ही शंका आधी डोक्यातून काढ. फक्त रंगीत नकाशांची घाई नको. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणून उंचीचा डेटा नीट तपास. 30 मीटरच्या चौकटींच्या ग्रिडमध्ये 20 मीटर रुंदीची घळ पुसलीच जाते, आणि बर्फ तर बहुधा तिथूनच उतरतो!

मग व्होएल्मीचं घर्षण, म्हणजे वाहत्या बर्फाला होणारा अडथळा क्सी आणि म्यू या दोन आकड्यांत मांडणारं सूत्र. वेग असताना क्सीचं (वेगाबरोबर वाढणारा अडथळा) चालतं, थांबताना म्यूचं (जमिनीशी होणारं कोरडं घर्षण). म्यू 0.2 धरलास तर साधारण 11 अंशांखाली प्रवाह मंदावणारच. हे आधी वहीत हाताने सोडव, मगच रन दे. आल्प्समधले आकडे हिमालयाला जसेच्या तसे लावू नकोस बरं का. अडलं तर रविवारी लॅपटॉप घेऊन घरी ये.