पाळीव उंदरांसाठी पिंजरा कुठला घ्यावा? पोपटाचा पिंजरा किंवा काचेची टाकी चालते का?

तुम्ही लिहिलंय की घर खानापूरला आहे, कौलारू, मुलीला दोन पांढरे उंदीर पाळायचेत, घरात पोपटाचा जुना पिंजरा आणि माशांची रिकामी काचेची टाकी पडून आहे, तर त्यातलं कुठलं वापरू की नवीन घेऊ. दोन्ही नको बघा. का नको ते जरा सविस्तर सांगते, कारण उंदीर पाळणारे लोक आपल्याकडं कमी आणि दुकानदार जे दिसंल ते गळ्यात मारतेत.

आधी काचेची टाकी. दिसायला छान, मांजर आत जात नाही, घाण बाहेर पडत नाही, सगळं खरं. पण उंदीर दिवसभर मुततेत, जिथं फिरतील तिथं थेंब थेंब टाकत जातेत, त्यातनं अमोनिया होतो आणि टाकीला वरनंच काय ते तोंड असल्यामुळं तो तळाशी कोंडून राहतो, आणि उंदराचं नाक त्या तळापासनं बोटभर उंचीवर. पाळीव उंदरांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे फुप्फुसाचं. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस म्हणून एक जंतू असतो, तो बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात आधीपासूनच असतो, हवा चांगली असली तर गप्प बसतो, अमोनिया आणि धूळ वाढली की उचल खातो. मग शिंका, घरघर, डोळ्यानाकाभोवती लालसर पाणी (ते रक्त नसतंय, पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतंय, पण जास्त दिसलं तर जनावर त्रासात आहे एवढं समजायचं). एकदा फुप्फुस खराब झालं की ते पूर्ववत होत नाही आणि मुळात यांचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. म्हणून मी कुणालाही सांगताना पिंजऱ्याची हवा आधी बघा म्हणते, रंग आणि मजले मागनं. चारी बाजूंनी जाळी असलेला पिंजराच घ्या.

आता तुमचा पोपटाचा पिंजरा. हवा त्याला भरपूर, पण दोन तारांमधली फट मोजून बघा. उंदराची कवटी जिथनं जाते तिथनं अख्खा उंदीर जातो. लहान पिल्लं आणि माद्या असतील तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट चालत नाही, मोठे झालेले नर असले तरी एक इंच फट म्हणजे धोकाच, डोकं अडकून बसतंय. दुसरं म्हणजे पोपटाचे पिंजरे अरुंद आणि उंच असतेत, वरती घुमट, आणि उंदराला धावायला तळ लागतो. उंचीवर चढायला त्यांना आवडतंय पण वरनं सरळ खाली पडायला नको, म्हातारपणी मागचे पाय लुळे पडतात बऱ्याच जणांचे, तेव्हा तर नकोच. तिसरं, दार एवढंसं असतंय की हात घालून कोपरा पुसता येत नाही, आणि जो पिंजरा साफ करायला त्रास होतो तो साफ होत नाही हे तुम्हाला मला दोघांनाही माहीत आहे.

दोन उंदरांना माप किती? एका उंदराला दोन घनफूट असा जुना हिशोब सांगतेत, पण ती अगदी कमीतकमी जागा झाली, त्यात जनावर जगतं पण खेळत नाही. माझं म्हणणं, दोघांना तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच एवढं करा. मध्ये एक फळी टाकली की दोन मजले झाले. पुढंमागं तिसरा आला तरी पुरंल. आणि एकटा उंदीर कधीच ठेवू नका, दोघांचा विचार केलात ते फार बरं केलंत, पण दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर घ्या. पाच आठवड्यांचे झाले की यांना पिल्लं होऊ शकतेत, गर्भ 21 ते 23 दिवसांचा, आणि एका वेळेला आठ-दहा पिल्लं म्हणजे नेहमीचंच. मग तुमचा हा पिंजरा महिन्याभरात पुरायचा नाही. दुकानात पोटाखाली बघून नर-मादी नीट ओळखून घ्या, महिन्याच्या वरच्या नराच्या गोट्या स्पष्ट दिसतेत.

हो, अजून एक, दुकानदार ज्याला पांढरा उंदीर म्हणतो तो खरंच मोठा उंदीर आहे का ते विचारा. पुष्कळदा ते माऊस असतेत, म्हणजे उंदराची वेगळी छोटी जात, अंगठ्याएवढे, आणि ते पूर्ण वाढलेलेच असतेत. त्यांना अर्धा इंच फटसुद्धा जास्त होते, पाव इंच जाळी लागते. पाळतात तो मोठा उंदीर म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस, तपकिरी जंगली उंदराचा घरगुती झालेला वंश, विलायतेत 1901 साली तर त्यांचं प्रदर्शनसुद्धा भरलं होतं.

आता पिंजरा आणायचा कुठनं. ऑनलाइन चांगले मिळतेत पण महाग पडतेत, आणि फोटोत मोठा दिसणारा हातात आल्यावर हॅमस्टरचा निघतो. म्हणून माझा सल्ला, करवून घ्या. आपल्या बेळगावला उद्यमबागेत एवढे फॅब्रिकेशनवाले आहेत, खानापुरातसुद्धा ग्रिल-गेट करणारे असतीलच. त्याला कागदावर चित्र काढून द्या. सांगाड्याला पाऊण इंची चौकोनी पाइप, त्यावर अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतेत ती षट्कोनी जाळी अजिबात नको, बारीक तार असते, उंदीर वाकवतो, तोडतो. मच्छरदाणीची नायलॉन जाळी तर एका रात्रीत जाते. दार पुढच्या अख्ख्या बाजूचं करा, दोन पल्ल्यांचं, म्हणजे सगळे कोपरे हाताला येतील. कडी घट्ट पाहिजे, नुसता हूक लावलात तर नाकानं वर उचलून उघडतेत, हे प्राणी फार हुशार असतेत, एकदा उघडलं की रोज उघडणार.

वेल्डमेश साधारण गॅल्वनाइज्ड येते. तिला मूत लागून लागून वास बसतो आणि पांढरा गंज चढतो, शिवाय चावली की जस्त पोटात जातं. त्यामुळं सगळा पिंजरा तयार झाल्यावर पावडर कोटिंग करून घ्या. त्याचा खर्च जरा वाढतो पण पुढं धुवायला सोपं. घरातला उरलेला ऑइल पेंट मारू नका, कुरतडून पोटात जाईल आणि जुन्या रंगांत शिसं असायचं. कोटिंग झाल्यावरसुद्धा चार दिवस उन्हात ठेवा, वास पूर्ण जाऊ दे.

तळ जाळीचा ठेवू नका. खाली पडतं आणि स्वच्छ राहतं म्हणून फॅब्रिकेशनवाला तसंच सुचवंल, सशांचे पिंजरे तसेच असतेत, पण सारखं तारेवर चालून उंदराच्या तळपायाला सूज आणि जखमा होतेत, बंबलफूट म्हणतेत त्याला, बरं व्हायला महिने लागतेत. तळाला सरकणारा पत्र्याचा ट्रे करा, चार इंच खोल, म्हणजे ते उकरतील तेव्हा सगळं घरभर उडायचं नाही. वरच्या मजल्याची फळीसुद्धा जाळीची नको, पत्रा किंवा प्लास्टिक आणि वरनं कापड.

ट्रेमध्ये काय घालायचं यावर सगळे चुकीचं सांगतेत. वखारीतनं फुकट भुसा मिळतो म्हणून पोतं भरून आणायचा मोह होतोच. तो नको. त्यात धूळ फार, आणि कुठल्या लाकडाचा आहे ते वखारवाल्यालाच ठाऊक नसतं, पाइन आणि देवदारसारख्या लाकडांत फिनॉल असतेत, ते श्वासाला आणि यकृताला वाईट. कोरा कागद फाडून घाला, पुठ्ठ्याचे तुकडे घाला, वरच्या मजल्यावर फ्लीसचं कापड. जुनी सुती साडी घालायची असली तर दोरे निघत नाहीत ना बघा, उंदराच्या बोटाला दोरा गुंडाळला की बोट काळं पडतं. रोज ओलं तेवढं काढायचं, आठवड्याला ट्रे धुवायचा, पण सगळं एकदम नवंकोरं करू नका, थोडा जुना कोरडा कागद परत ठेवा. आपला वास गेला की ते दुप्पट मुतून परत वास करतेत. धुवायला पाण्यात थोडं व्हिनेगर पुरतं. फिनेल नको, त्या वासानंच त्यांना त्रास होतो.

आता जागा, आणि खानापूरसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर तुमच्याकडं जो पाऊस लागतो त्यात भिंती ओल्या होतेत, कपडे वाळत नाहीत, तसाच पिंजऱ्यातला कागदही दमट होऊन बुरशी धरतो. पिंजरा भिंतीपासनं वीतभर लांब, जमिनीपासनं दोन-अडीच फूट उंच, स्टँडवर. पावसाळ्यात कागद एक दिवसाआड बदलावा लागला तरी बदला. खिडकीसमोर थेट वारा नको, पण खोलीत हवा खेळती पाहिजे. स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि चूल पेटत असली तर नक्कीच नको. मच्छर कॉइल, अगरबत्ती, धूप, विडी-सिगारेट, सगळा धूर यांच्या फुप्फुसाला विष आहे. आमच्या निपाणीकडं घराघरात तंबाखूची धूळ असते, तिथल्या माझ्या ओळखीच्यांना मी सांगितलंय की माल ठेवलेल्या खोलीत उंदीर ठेवायचे असतील तर पाळूच नका. मच्छरांसाठी खोलीलाच जाळी मारा.

कौलारू घर म्हणजे वरनं जंगली उंदीर येणारच. ते बहुतेक काळे उंदीर, चढण्यात पटाईत, दाण्याच्या वासानं पिंजऱ्यापर्यंत येतेत आणि सोबत उवा, गोचिड्या, लेप्टोस्पायरोसिससारखा आजार घेऊन येतेत. अर्धा इंची जाळीतनं मोठा उंदीर आत येत नाही पण नाकाला नाक लागतं, मुतता येतं. म्हणून खोली अशी निवडा जिला वर स्लॅब किंवा पक्कं छत आहे, खाणं रात्री वाटीत उरलेलं काढून घ्या, दाणे डब्यात झाकून. आणि घरात उंदराचं औषध कुठंही टाकू नका. जंगली उंदीर ते तोंडात धरून आणून पिंजऱ्याजवळ टाकू शकतो. तुमच्याकडं मागच्या परसात साप येत असतील, मांजर असंल, तर त्या खोलीचं दार बंद होणारं पाहिजे.

उन्हाळ्यात खानापूर-बेळगावला त्यातल्या त्यात बरं, हीच गोष्ट अथणी-रायबागकडच्या माणसानं विचारली असती तर मी आधी उन्हाचंच बोलले असते. उंदराला घाम येत नाही, शेपटीतनं उष्णता बाहेर टाकतो. 18 ते 24 अंश त्यांना बरं वाटतं, तिशीच्या वर गेलं की धोका चालू. एप्रिल-मेमध्ये पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा, गार राहतो, पोट टेकून झोपतेत त्यावर, नखंही थोडी झिजतात. बाटलीत पाणी गोठवून कापडात गुंडाळून ठेवा. लाइट गेली की पंखा नाही हे धरून चालायचं. गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पिंजरा कधीच नको, दुपारी तिथं जनावर तासाभरात मरतंय.

पांढरे म्हणजे लाल डोळ्यांचे असतील तर त्यांना प्रखर उजेड सोसत नाही, डोळ्याचा पडदा खराब होतो. पिंजऱ्याचा अर्धा भाग कापडानं झाकून अंधारा ठेवा आणि लपायला जागा द्या. यासाठी दुकानातलं काही लागत नाही. आडवं ठेवलेलं मातीचं मडकं, चार इंची पाइपचा तुकडा, चपलांचं खोकं, आणि चारी कोपऱ्यांना हूक लावून बांधलेली कापडी झोळी. झोळी नक्की बांधा, दोघं एकमेकांवर चढून त्यात झोपतेत, ते बघून तुमच्या मुलीला जे वाटंल ते कुठल्याच महागड्या खेळण्यानं वाटणार नाही. चाक घ्यायचं असलं तर निदान 12 इंचाचं आणि सलग पृष्ठभागाचं, तारांच्या चाकात शेपूट आणि पाय अडकतो. पाण्याची बाटली बाहेरनं लावायची, नळीतला गोळा अडकला नाही ना ते रोज बोट लावून बघायचं.

गणपतीत आणि दिवाळीत पिंजरा रस्त्याकडच्या खोलीतनं आत न्या. आपल्याला ऐकू येत नाहीत ते बारीक आवाजही यांना ऐकू येतेत, त्यात मिरवणुकीचा डीजे आणि फटाके म्हणजे त्यांचे हाल.

घाई करू नका, आधी पिंजरा तयार करून घ्या, जागेवर ठेवून आठ दिवस बघा, ओल येते का, ऊन कुठवर येतं, मांजर कुठनं शिरतं, मग उंदीर आणा. फॅब्रिकेशनवाल्यानं काढून दिलेल्या मापांचा फोटो आणि खोलीचा फोटो खाली टाकलात तर बघून सांगते, वेल्डिंग व्हायच्या आधी टाका म्हणजे बदल करता येईल.