मुद्दलाच्याच भावात गृहकर्जे विकली, तर नफा कुठून आला?

आपला प्रश्न असा आहे, की गृहवित्त कंपनीने ९० कोटींची कर्जे बँकेला ९० कोटींनाच दिली, तरी त्या तिमाहीच्या नफा-तोटा पत्रकात कर्जविक्रीचा नफा दिसतो, तो कसा? विकले गेले ते मुद्दल. नफा आहे तो व्याजातल्या फरकाचा, आणि त्यातला बहुतेक अजून वसूल व्हायचा आहे.

समजा, १०० कोटींच्या कर्जसंचावर ग्राहक ९.५ टक्के व्याज भरतात. कंपनी १० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवून उरलेले ९० कोटी बँकेच्या नावे करते आणि बँक ८.५ टक्के परताव्यावर समाधानी असते. हप्ते गोळा करण्याचे काम कंपनीकडेच राहते, त्यामुळे मधला एक टक्का, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे ९० लाख, तिच्याकडे येतो. मुद्दल फिटत जाते तशी ही रक्कम घटते. कर्जांचे सरासरी आयुष्य पाच वर्षे धरले, तर एकूण साडेचार कोटी होतात आणि आजच्या किमतीला आणल्यावर तीन ते साडेतीन कोटी उरतात. वसुलीचा खर्च वजा करून ही रक्कम इंड-एएस १०९ या भारतीय लेखा मानकानुसार विक्रीच्या दिवशीच उत्पन्नात घ्यावी लागते. बँकांना इंड-एएस अजून लागू नाही, म्हणून बँकेचे आणि गृहवित्त कंपनीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

सगळी मेख त्या ‘पाच वर्षे’ या गृहीतकात आहे. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही, त्यामुळे दुसरी बँक पाव-अर्धा टक्का कमी दर देऊ लागली, की चांगले ग्राहकच आधी निघून जातात. आयुष्य पाचाचे चार वर्षे झाले, तर साडेचार कोटींतले ९० लाख गेले, आणि आधी दाखवलेला नफा पुढच्या तिमाहीत तोटा म्हणून परत येतो. शिवाय ग्राहकाचा दर लगेच उतरला आणि खरेदीदार बँकेचा परतावा तिच्या एमसीएलआरला, म्हणजे निधीच्या खर्चावर ठरणाऱ्या तिच्या किमान कर्जदराला, बांधलेला असल्याने सावकाश उतरला, तर तो एक टक्काही आक्रसतो.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखले आहे. २४ सप्टेंबर २०२१ च्या निर्देशांनी घालून दिलेल्या नियमानुसार प्रत्यक्ष हाती आलेला नफा किंवा तोटा विक्रीच्या काळातच दाखवायचा, पण हाती न आलेला नफा भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या मानाने स्वतःचे भांडवल पुरेसे आहे का) मोजताना भांडवलातून वजा करायचा. माझ्या मते गुंतवणूकदारानेही हाच हिशेब धरावा. दोन वर्षांहून अधिक मुदतीचे कर्ज सहा महिने स्वतःकडे ठेवल्याशिवाय विकता येत नाही, हाही त्याच निर्देशांतला नियम.

अमेरिकेत प्रकार निराळा आहे, आणि इंग्रजी लेख वाचून होणारा गोंधळ बहुधा तिथूनच येतो. तिथले गृहकर्ज मुख्यतः तीस वर्षे स्थिर दराचे, आणि बँक ग्राहकाला दर आधी बांधून देते. कर्ज विकेपर्यंत बाजारातला दर चढला, तर १०० डॉलरच्या मुद्दलाला १०० हून कमी भाव येतो. दर उतरला, तर जास्त. २०२२ मध्ये हा दर जानेवारीतल्या सव्वातीन टक्क्यांच्या आसपासून ऑक्टोबरमध्ये सात टक्क्यांवर गेला. ज्यांनी वायदा विक्री करून, म्हणजे पुढे द्यायच्या कर्जांचा भाव आधीच ठरवून, जोखीम झाकली नव्हती, त्यांना बांधून दिलेल्या दरांचा थेट फटका बसणार होता. ज्यांनी झाकली होती, त्यांचाही धंदा आटला, कारण जुने कर्ज फेडून स्वस्त नवे घेणारे ग्राहकच उरले नाहीत. आपल्याकडे दर बहुतांशी फ्लोटिंग असल्याने असा भावातला तोटा कमी दिसतो.

आपल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात कर्जविक्रीवरील निव्वळ नफ्याची ओळ शोधावी आणि तिच्यासमोर ताळेबंदातील व्याजफरकापोटी अजून येणे असलेली रक्कम ठेवावी. नव्या विक्रीचे प्रमाण तेवढेच असताना ही येणी दरवर्षी फुगत असतील, तर मुदतपूर्व फेडीचे गृहीतक काय धरले आहे, ते टिपांमध्ये तपासावे. ते तिथे दिलेले नसेल, तर विश्लेषकांच्या बैठकीत विचारायचा पहिला प्रश्न तोच.