पॅनलवर वर्षभर हिरवा दिवा असताना भूमिगत टाक्यांच्या गळती-यंत्रणेची वार्षिक चाचणी कशासाठी करायची?

आपला प्रश्न असा आहे की, इंधनाच्या भूमिगत टाक्यांवर बसवलेल्या गळती-निरीक्षण यंत्रणेचे पॅनल वर्षभर हिरवा दिवा दाखवत आहे, यंत्रणा प्रमाणित असल्याचे कागदही उत्पादकाने दिलेले आहेत. मग दरवर्षी तंत्रज्ञ बोलावून पुन्हा चाचणी करण्याची गरज काय? मी या चाचण्या करण्याचेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्पादकाने दिलेला कागद आणि वार्षिक प्रमाणपत्र या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कागद त्या मॉडेलची क्षमता सांगतो. उदाहरणार्थ, अमेरिकेतील नियमांनुसार टाकीतील पातळी मोजून गळती शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने तासाला ०.२ गॅलन, म्हणजे साधारण पाऊण लिटर, एवढी गळती किमान ९५ टक्के खात्रीने ओळखली पाहिजे आणि टाकी धडधाकट असताना खोटा इशारा देण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ही क्षमता त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेतली जाते, पण ती तपासणी एका नमुन्याची असते. आपल्या टाकीवरच्या चेंबरमध्ये चिखल, पाणी आणि इंधनाच्या वाफा यांच्यात वर्षानुवर्षे पडून असलेला सेन्सर आज चालतो की नाही, याचे उत्तर त्या कागदात नाही.

हिरव्या दिव्याचा अर्थही मर्यादित आहे. कोणत्याही सेन्सरकडून इशारा आलेला नाही, एवढेच तो सांगतो. गाळाने सेन्सरचा तरंगता भाग जागेवर घट्ट बसला असेल तर इशारा येणारच नाही आणि पॅनलला सगळे आलबेल दिसेल. त्याहून वाईट प्रकार माणसांनी केलेला असतो. पावसाचे पाणी चेंबरमध्ये शिरते, वारंवार अलार्म वाजतो, मग कोणीतरी वैतागून सेन्सर तळापासून हातभर वर उचलतो आणि पाइपाला बांधून टाकतो. त्यामुळे झाकण उघडल्यावर मी सर्वप्रथम सेन्सर सर्वांत खोल जागी आणि योग्य स्थितीत आहे का, हे पाहतो. त्याला हात लावण्याआधीच तशी नोंद करतो.

त्यानंतर प्रत्येक सेन्सर बाहेर काढून, पुसून, उत्पादकाच्या पद्धतीनुसार द्रवात बुडवावा लागतो. त्या वेळी एक माणूस पॅनलपाशी उभा असणे आवश्यक आहे, कारण केवळ अलार्म वाजून भागत नाही. पॅनलने त्याच सेन्सरचे नाव दाखवले पाहिजे. दोन क्रमांकाच्या टाकीचा सेन्सर बुडवला आणि पॅनलवर तीन क्रमांकाची टाकी आली, असे तारा उलटसुलट जोडल्यामुळे घडते. अलार्म आल्यावर पंप आपोआप बंद व्हावा अशी रचना असेल, तर पंप प्रत्यक्ष थांबतो का, हेही तेव्हाच पाहायचे. इंधन आणि पाणी यांतला फरक ओळखणारे सेन्सर दोन्हींसाठी तपासावे लागतात. टाकीच्या दुहेरी भिंतींमधल्या पोकळीत मिठाचे पाणी भरलेले असेल, तर पातळी खाली गेल्याचा आणि वर चढल्याचा असे दोन्ही इशारे स्वतंत्रपणे मिळाले पाहिजेत, कारण भिंत फुटल्यावर पातळी कोणत्या दिशेने जाईल हे छिद्र कुठे पडले यावर अवलंबून असते.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ द्यावा तो दाबाच्या पाइपलाइनवरील गळतीशोधकाला. टाकीतून गळणारे इंधन स्वतःच्या वजनाने झिरपते, तर फुटलेल्या पाइपातून पंप ते जमिनीत ढकलत राहतो. अमेरिकी नियमांप्रमाणे या शोधकाने १० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाला तासाला ३ गॅलन एवढी गळती एका तासाच्या आत ओळखायला हवी. चाचणीत तेवढी गळती आपणच निर्माण करतो: डिस्पेन्सरखालच्या, म्हणजे गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्राखालच्या, झडपेला उपकरण जोडायचे, दाब १० पीएसआयला स्थिर करायचा आणि मोजपात्रात मिनिटाला १८९ मिलिलिटर इंधन जमा होईल इतपत तोटी उघडायची. मग पंप थांबवून, पाइपातला दाब उतरू देऊन, पंप पुन्हा सुरू करायचा. यांत्रिक शोधक ठीक असेल तर तो पूर्ण प्रवाह सोडत नाही, इलेक्ट्रॉनिक शोधक सहसा पंपच बंद करतो. एरवी नोझलमधून इंधन फारच हळू येते अशी तक्रार आली, तर पुष्कळ ठिकाणी शोधकच खराब आहे असे गृहीत धरून तो काढून टाकला जातो. वास्तविक तो बिचारा आपले कर्तव्य बजावत असण्याची शक्यता आधी तपासायला हवी.

टाकीतल्या प्रोबचे, म्हणजे पातळी मोजणाऱ्या दांड्याचे, काम तुलनेने सोपे आहे. तो बाहेर काढून इंधनाचा आणि पाण्याचा असे दोन्ही फ्लोट (तरंगते भाग) हाताने सरकवायचे, पॅनलवरचे आकडे जुळतात का पाहायचे आणि वीज गेल्यावर बॅटरी पॅनलमधली माहिती सांभाळते का, हे तपासायचे.

कागदपत्रांविषयी नियम जागोजागी वेगळे आहेत. अमेरिकेत ही चाचणी वर्षातून एकदा करून तिच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. कॅलिफोर्नियात स्थानिक प्रशासनाला ४८ तास आधी कळवणे, तपासलेल्या प्रत्येक भागावर तारखेची खूणचिठ्ठी लावणे आणि ३० दिवसांत अहवाल देणे हेही बंधनकारक आहे. नियम कोणतेही असोत, नापास झालेला सेन्सर त्याच दिवशी बदलून अहवालात थेट ‘उत्तीर्ण’ लिहिणे आपण मान्य करू नये. आधी तो नापास झाला, मग बदलला आणि नवा उत्तीर्ण झाला, असे तिन्ही टप्पे लिहून घ्यावेत. नाहीतर मागचे किती महिने ती टाकी राखणीविना होती, हा प्रश्न कोणी विचारणारच नाही.

तंत्रज्ञाने खरोखर चाचणी केली की नुसता फॉर्म भरला, हे आपल्यालाही तपासता येते. पॅनलमधून त्या दिवसाची अलार्मची नोंद छापून घ्या. दहा सेन्सर उत्तीर्ण दाखवले असतील, तर त्या नोंदीत त्या दहाही सेन्सरचे अलार्म वेळेसह दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील, तर बिल चुकते करण्यापूर्वी त्याचा खुलासा मागा.