कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा ५०० वॅटचा एसएमपीएस गेमिंग पीसीला चालेल का?

रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेताय, दुकानदार कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’चा एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) फुकट देतोय, तोच ठेवू का, असं विचारलंय. नका ठेवू. मी ठेवला होता.

हेच कार्ड होतं. विंडोज, ब्राउझर, सिनेमे सगळं ठीक चालायचं. गेम सुरू केला की पाच-दहा मिनिटांत पीसी फट्‌कन बंद, आणि आपोआप पुन्हा सुरू. दोन आठवडे ड्रायव्हर बदलले, विंडोज दोनदा टाकली, रॅम काढून खोडरबरने पुसली (आपल्याकडे सगळ्या रोगांवर हेच औषध). शेवटी एसएमपीएस बाहेर काढून स्टिकर वाचलं. वर ठळक ५००, आणि खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. कार्ड एकटंच १७० वॅटचं!

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणून दुकानात आधी हा रकाना बघायचा, मोठा आकडा नंतर. तुमचा पीसी गेममध्ये साधारण ३०० वॅट खाईल, शिवाय कार्ड क्षणभर १७० च्या बरंच वर उडी मारतं. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसला १२ व्होल्टवर ४० हून जास्त अँपिअर मिळतात. तेवढं पुरे. ७५० घेऊन उगाच पैसे घालवू नका.

दुसरी खूण वायरींची. माझ्या कार्डाला ८ पिनची वायर लागत होती, ती त्या डब्याला नव्हतीच, दुकानदाराने मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीची चार पिनची वायर) कन्व्हर्टर जोडून दिला. तो बघूनच मी परत फिरायला हवं होतं.

कोणता घ्यायचा? कॉर्सेअर सीएक्स५५०, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्राँझ व्ही२ किंवा डीपकूल पीके५५०डी, यांपैकी जो स्वस्त मिळेल तो. ‘८० प्लस’च्या शिक्क्याला भुलू नका. वीज किती वाया जाते एवढंच तो सांगतो. शॉर्ट सर्किट झालं किंवा लोड जास्त झाला तर एसएमपीएस स्वतःहून बंद पडेल का, हे त्यावरून कळत नाही. मी त्यापेक्षा वॉरंटी बघतो. पाच वर्षं असेल तर घ्या.

यूपीएस असेल तर तोही तपासा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो, मॉनिटर धरला तर गेम चालू असताना लाइट गेल्यावर तो लगेच मान टाकेल.

आणि घरातलं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा एसएमपीएसचा नसतो. त्याच्या आत फिल्टरचे कपॅसिटर थेट बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्ट येतात. करंट अगदी कमी असतो, पण जाणवतो. अशा वेळी नवा एसएमपीएस आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसून पीसी चालवू नका.